मावशीचा पेनड्राइव्ह

खापा गावची मावशी धरमपेठेत आमच्याकडे आली की वधू-वर मेळाव्यात मिळालेला पेनड्राइव्ह आधी माझ्या कॉम्प्युटरला खुपसायची. मला लग्न करायचं नाही, हे तिला शंभरदा सांगून झालं होतं. माझ्या लिनक्सलाही लाज नव्हती. पेनड्राइव्ह लागला रे लागला की कॉम्प्युटर तो न विचारता जोडून घ्यायचा आणि माझ्या चालू कामावर खिडकी उघडून सूटबूटवाले नवरदेव पसरायचा. शेवटी डोकं फिरलं. सेटिंग्जमध्ये जाऊन मी ते आपोआप जोडणंच बंद करून टाकलं.

पुढच्या खेपेला मावशीनं पेनड्राइव्ह खुपसला. स्क्रीन ढिम्म.

"काहून वं, उघडून नाही राह्यलं?"

"आता मी सांगितल्याशिवाय इथं काहीच उघडत नाही."

मावशीनं पेनड्राइव्ह उपसला आणि हॉलमधल्या टीव्हीला लावला. पहिला नवरदेव टीव्हीभर झळकला, मागोमाग दुसरा. आई चष्मा पुसत पुढे सरकली.

मी बाबांकडे रिमोट मागितला. त्यांनी तो मांडीखाली सरकवला.