गोठ्याची अर्धी सारवलेली भिंत

आधीच सांगते, लिंबू-मिरची, अंगात येणं, बाहेरची बाधा... यातलं मी काहीच मानत नाही. देऊळगाव राजाला माझ्या माहेरी पदवी घेणारी मी पहिली. बी.ए., भूगोल. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी सरळ उठून जाते. म्हणून हे लिहिताना माझं मलाच अवघड होतंय. पण गावात सांगितलं तर गावभर होईल. इथे लिहून मोकळी होते.

माझं सासर मेहकर तालुक्यात. घरामागे अंगण, अंगणापलीकडे गोठा, दोन्हींभोवती काटेरी कुंपण आणि आत यायला अंगणाचं एकच दार. सागाचे खांब, वर सागाच्याच तुळया, आणि खांबांच्या मधे हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. वरचं मातीचं धाबं जाऊन टिनं आली, पण लाकूड अजून खणखणीत. सगळा भार खांबांवर, त्यामुळे भिंत पडली तरी छप्पर जागचं हलत नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नव्या नवरी असताना हा गोठा बांधला. बैलांच्या मागे गाऱ्यात उतरून माती आपण तुडवली, हे त्या येईल त्या पाहुण्याला सांगायच्या. दरवर्षी पोळ्याआधी आतल्या चारही भिंती शेणामातीनं सारवायच्या, एकट्या. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्या डावखुऱ्या. सारवण वाळलं की बोटांच्या कमानी दिसतात ना... त्यांच्या कमानी साऱ्या गावापेक्षा उलट्या वळायच्या.

मग लकवा झाला. डावी बाजू गेली. तेव्हापासून त्या खाटेवर. आंघोळ, जेवण, कूस बदलणं, सगळं माझ्याकडे. तक्रार नाही करत, पण थकले आहे. बोलणं तुटक झालं, तरी सकाळचा प्रश्न ठरलेला — "गोठ्याले... हात फिरवला का वं?" मी म्हणायचे, आज बघते. वेळ कुठून आणू?

यंदा पावसात गोठ्याची मागची भिंत बसली. बैल आधीच विकले होते, एक गायच उरली होती. आमच्या ह्यांनी ठरवलं, खांब ठेवायचे, माती काढायची, विटा लावायच्या, ट्रॅक्टरसाठी शटर करायचं. मलाही पटलं. मातीची भिंत म्हणजे दरवर्षीचं काम, आणि ते माझ्याच अंगावर येणार. तीन भिंती गेल्या. जुनी पांढरी माती शेतात टाकायला लोक मागून घेऊन गेले. राहिली घराकडची भिंत, ती पोळा झाल्यावर पाडायची होती.

आत्याबाईंना खाटेवरून गोठा दिसत नव्हता, पण ऐकू येत होतं. टिकासाचा पहिला घाव पडला त्या दिवसापासून त्यांनी तोंड मिटलं. घास पुढे केला की मान फिरवायच्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल, आणि या वयात ती सोसेल असं नाही. आमचे हे आईजवळ बसून म्हणाले, "माय, खाय ना वं. गोठा मस्त होऊन राह्यला." त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी हे मेहकरच्या बाजाराला गेले. मिस्तरी सणासाठी आपल्या गावी. दुपारी अंगणाच्या दाराची कडी मीच आतून लावली. आत्याबाईंचं अंग पुसलं, त्यांचा डोळा लागला तशी मीही तिथेच जमिनीवर लवंडले. जाग आल्यावर गायीला चारा टाकायला गेले, तर गोठ्यात ओल्या शेणामातीचा वास.

घराकडची भिंत सारवलेली होती. ताजी. एका टोकापासून मधल्या खांबापर्यंत ओली, आणि खांबापलीकडे तशीच कोरडी, भेगाळलेली. कमानी उलट्या वळलेल्या.

मला आधी रागच आला. कुणीतरी मस्करी केली म्हणून. कडी पाहिली, ती आतून लागलेलीच. शेणाची पाटी सकाळी भरली तशीच भरलेली. बादली कोरडी. कुंपणावरून शेजारच्या काकूंना विचारलं, भिंत सारवताना कुणी दिसलं का, तर म्हणाल्या, "काऊन वं, बी.ए. शिकल्यावर आपलं सारवण वळखू येत नाही काय?" आणि आत निघून गेल्या.

घरात आले. आत्याबाई जाग्या होत्या. डावा हात मी पोटावर ठेवला होता तसाच, स्वच्छ, कोरडा. कपाळावर मात्र घाम, उन्हात काम करून आल्यासारखा. मी काही विचारायच्या आत त्या बोलल्या. तुटक नाही, सलग.

"हात भरून आला पोरी. बाकीचं तू कर."

रडू आलं नाही. भीतीही वाटली नाही, खरं सांगते. एवढंच वाटलं — आणखी एक काम. पण सणाच्या तोंडावर सारवण अर्ध्यावर सोडत नाहीत आमच्याकडे. पदर खोचला, पाटी उचलली आणि उरलेली अर्धी भिंत सारवून काढली. संध्याकाळी आत्याबाईंनी वाटीभर वरण-भात खाल्ला.

हे आले, त्या उलट्या कमानी वाकून पाहिल्या. "हे मायच्या हातचं होय," एवढंच म्हणाले. मग मिस्तरीला फोन करून सांगितलं, ती भिंत राहू दे.

आता गोठ्याला तीन बाजूंनी विटा आहेत, चौथी बाजू मातीची. येणारा-जाणारा हसतो. मी कारण शोधून पाहिलं. झोपेत मीच सारवलं असेल का? पण उठले तेव्हा माझे हात कोरडे होते, आणि उजव्या हातानं तशा कमानी मला जागेपणीही जमल्या नाहीत... प्रयत्न करून पाहिला.

आत्याबाई अजून खाटेवरच आहेत. जेवतात. डावा हात हलत नाही. सकाळी विचारतात, हात फिरवला का? मी फिरवते, खांबाच्या माझ्या बाजूनं. माझ्या अर्ध्यावर पंधरवड्यात भेगा पडतात. त्यांच्या अर्ध्यावर अजून एकही पडलेली नाही. माती तीच, शेण त्याच गायीचं. का, ते मला माहीत नाही.