शेजाऱ्याचं नाताळाचं ताट

आमचे पाळक दर डिसेंबरात सांगतात, वैऱ्यावर प्रीती करा. त्यांना काय जातंय सांगायला. त्यांचा बंगला चर्चच्या आवारात, शेजारी चिंचेचं झाड. माझ्या शेजारी राहतो एक रिटायर हेडक्लार्क. सगळं देवपूर त्याला भाऊसाहेब म्हणतं. मीही तोंडावर म्हणतो. पाठीमागं काय म्हणतो ते इथं लिहिता येत नाही.

आमच्या घरी गुरुवारी प्रार्थना व्हायची. चार बाया, एक ढोलकी. त्याला त्याचा त्रास. गल्लीत सांगत फिरला की मिस्तरीच्या घरात लोकांना बाटवतात. अरे बाबा, मी चौथी शिकलेला गवंडी. मला स्वतःच्या पोराला चर्चला नेता आलं नाही, मी कोणाला बाटवणार?

बायको मात्र दर नाताळाला त्याच्याकडं ताट पाठवायची. करंज्या, शंकरपाळे, वर क्रोशाचा रुमाल. तो ताट घ्यायचा आणि आमच्या देखत ओट्यावरून कुत्र्यांना टाकायचा. माझं डोकं फिरायचं. ती रिकामं ताट धुऊन ठेवायची अन् म्हणायची, "कुत्र्यांचा तरी नाताळ गोड झाला." पुढच्या वर्षी पुन्हा ताट. कुत्री आमच्या दारात शेपूट हलवत उभी राहायची, भाऊसाहेब नाही.

यंदा पावसाळ्यात ती गेली. मातीला सगळी गल्ली आली, हा आला नाही.

नाताळ जवळ आला तसा मी मनात म्हटलं, सुटलो. आता ताट नाही. मग ध्यानात आलं की त्यालाही तेच वाटत असणार. बाई गेली, कटकट गेली. ते काही मला सहन होईना. तिचं ताट बंद पडलं तर तो जिंकला. म्हणून मी उठलो. प्रीती वगैरे काही नव्हती, निव्वळ खुन्नस होती. प्रभूला ते दिसत होतं, त्याच्यापासून काय लपवायचं.

करंजी मला येत नाही. भरीत येतं. हिरवी वांगी आणली, मागच्या अंगणात कापसाच्या काड्या पेटवून भाजली. मिरची, लसूण, शेंगदाणे, पातीचा कांदा. ताट घेऊन त्याच्या दारात गेलो. तो एकटाच होता, पोरगा-सून जळगावला. म्हणाला, ठेवा तिथं. मी म्हटलं, ठेवणार नाही, ताट लगेच परत पाहिजे. टाकायचं असेल तर टाका, मी उभा आहे.

कुत्रीही जमली होती. त्यानं कुत्र्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग बोटानं चाटलं. हा माणूस जन्मभर माझ्याशी कचेरीतली भाषा बोलला, पण त्या दिवशी तोंडातून घरची अहिराणी निघाली.

"मिस्तरी, मीठच नई शे यामा."

मी म्हटलं, आहे. चाखलं. नव्हतं. घरात मिठाचं काम तिचं होतं. भाजी मी ढवळायचो, मीठ ती येऊन टाकायची. ताट हातात धरून नुसता उभा राहिलो.

तो आत गेला. मिठाची बरणी आणली, माझ्याच ताटात चिमूट टाकून बोटानं कालवलं. मग म्हणाला, "मी मातीला आलो नाही."

"नाही आलात तेच बरं. शिव्या खाल्ल्या असत्या."

"त्या तुम्ही रोजच देता. भिंत पातळ आहे."

भाकरी कुठंय, त्यानं विचारलं. भाकरी मी केलीच नव्हती. तेव्हा त्यानं आतून दोन पोळ्या आणल्या, एक माझ्यापुढं धरली. बसा म्हणाला नाही, मीही बसलो नाही. मला तो माणूस आजही आवडत नाही. पण पोळी घेतली. शिळी होती. उभ्यानंच खाल्ली, त्याच्याच ओट्यावर, एका ताटात.