गिळलेलं आणि टोचलेलं

फोन आला तेव्हा मी शिरूरच्या शाळेत नववीच्या वह्या तपासत होते. सुनंदा गेली. मधमाशी चावून. "कोण सुनंदा?" असं मी दोनदा विचारलं. महिना झाला, तरी तो प्रश्न माझ्यातून जात नाही…

कॉलेजात आम्ही दोघी एका बाकावर. तिचं घर केडगावजवळ, वस्तीवर. आजोबांपर्यंत मेंढरं, मग वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, कांदा धरला. ही पुण्याच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळू लागली. नेमकं करतेस काय, असं आप्पांनी एकदा माझ्यासमोरच विचारलं. ती म्हणाली, "अंड्याचा पांढरा भाग उंदराला टोचला, तर उंदराचं अंग त्या पांढऱ्यावर तुटून पडतं. पन तोच आधी खायला घातला, तर मागनं टोचला तरी अंग गप ऱ्हातं. गप ऱ्हा, आसा निरोप आतनं जातो. त्यो कोन नेतं, ते बघते."

आप्पा विचारात पडले. "म्हंजी आपुन घास गिळतो तवा आतनं कुनी सांगतं, ह्यो आपलाच हाय?"

"व्हय."

पुढे तिने निरोप नेणारं एक प्रथिन अडवून पाहिलं, तर आधी खाऊन शांत झालेल्या उंदरांचं अंगही टोचल्यावर बिथरलं. त्या रविवारी ती एसटीने थेट माझ्याकडे आली आणि चहा गार होईपर्यंत बोलत राहिली.

गेल्या महिन्यात ती सुट्टीत घरी आली होती. सकाळी बापलेक वावरात असताना बांधावरच्या चिंचेवरचं मोहोळ उठलं. आप्पांना दहा-बारा डंख, तिला दोनच. आप्पा स्वतःचे काटे काढत होते, तोवर हिचे ओठ सुजले, आवाज बसला. काय होतंय ते तिला पुरतं कळत होतं. "आप्पा, जीप बोलवा. अंग उलटलंय माझं. इंजेक्शन लागंल." दौंडच्या रस्त्यावर, दवाखाना यायच्या आत…

डंख आतड्याच्या वाटेने येत नाही, म्हणून गप राहायचा निरोपही जात नाही, हे तिनेच मला समजावलं होतं. तरी तिच्याच अंगाला तो निरोप मिळू नये, हे पटत नाही.

गेल्या आठवड्यात वस्तीवर गेले. आप्पांच्या अंगावरची सूज कधीच उतरली होती. त्यांनी एकच विचारलं, "उंदरांना आता खायाला कोन घालतं?" मी तिथूनच पुण्याला फोन लावला. तिच्या विद्यार्थिनीने सांगितलं, ताईंनी लिहून ठेवलंय तसंच घालतो, रोज अकराला. ते मी आप्पांना सांगितलं.

आता अकरा वाजले की आप्पा खुरपं ठेवतात, घरी येतात आणि थोडा वेळ नुसते बसून राहतात.