बेटावर न्यायला कोण येणार?

आमच्या बाबांनी उभं आयुष्य एसटीच्या स्टँडवर गाड्या सोडण्यात आणि त्यांच्या वेळा लिहिण्यात घालवलं. कोणती गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, उशीर झाला तर का झाला, हे सगळं त्यांच्या वहीत मिनिटासकट असायचं. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा ते साकोलीला होते. स्टँडवर जो तो आता काय काय बदलणार याची चर्चा करत होता, आणि बाबा म्हणाले, "जिल्हे तुटतेत. फेऱ्या नाई तुटत." निवृत्त होऊन कोंढ्याला घर बांधलं तरी ही सवय गेली नाही. सकाळचा चहा सहा दहाला. सहा बाराला आला तर बाबा फक्त घड्याळाकडे बघत.

त्यांच्या शिस्तीचा सर्वात मोठा बळी आमची आईच. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मामा तिला माहेरी न्यायला आला होता. तो तिच्यापेक्षा लहान, तेव्हा मिसरूडही फुटलेलं नव्हतं. तो गाडीत जागा धरून बसला, आणि आई विसरलेली पिशवी आणायला घरी पळाली. ती परत आली तेव्हा दोन मिनिटं उशीर झाला होता आणि बाबांनी गाडी सोडली होती. मामा बहिणीशिवायच गावी पोचला आणि त्याने आपल्या आईची बोलणी खाल्ली. "सोताची बायको होती, तरी थांबवली नाई," हे आई अजून सांगते आणि दर वेळी ताज्या रागाने सांगते. बाबांचं उत्तरही ठरलेलं असतं. "गाडीत बेचाळीस लोक होते. तू एक होतीस."

आईचं माहेर वैनगंगेच्या काठावर होतं. धरणाचं पाणी चढत गेलं तसं ते गाव उठून नव्या गावठाणात गेलं. घरं, विहीर, विहारासमोरचा ओटा, सगळं पाण्याखाली गेलं. गावामागची टेकडी तेवढी उरली, आणि चहूकडून पाण्याने वेढल्यामुळे लोक तिला बेट म्हणू लागले. मी भंडाऱ्याला शाळेत शिकवते. एका हिवाळ्यात शाळेतल्या एक बाई मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणाल्या, "किती सुंदर आहे हे! तुमच्याच भागात आहे ना? एका दिवसात होते." मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. आई ज्या टेकडीवर शेळ्या चारायची, ती टेकडी होती.

त्या शनिवारी मी घरी गेले आणि जाहीर केलं, "आपण तिघं बेटावर जायचं. सकाळी जायचं, संध्याकाळी परत."

आई पोळी लाटत होती. तिचा हात थांबला. "कोन्या बेटावर?" तिने विचारलं आणि मग लगेच म्हणाली, "हो, समजलं." पोळी तव्यावर टाकता टाकता ती हसत होती. तिला जायचं होतं याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. पाणी चढल्यापासून तिने ती टेकडी एकदाही पाहिलेली नव्हती.

बाबा तर एकदम तरुण झाले. जुन्या कॅलेंडरचं पान फाडून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीने रकाने आखले: ठिकाण, आगमन, प्रस्थान, शेरा. घरून प्रस्थान सात चाळीस. काठावर आगमन आठ पंचवीस. डोंग्यात (म्हणजे होडीत) बसणे, पाच मिनिटे. बेटावर अल्पोपाहार दहा वीस ते दहा पस्तीस. डोंग्यासमोरच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'पाण्यात हात घालू नये.' परतीचं प्रस्थान दुपारी चार, आणि त्याच्याखाली लाल शाईची दुहेरी रेघ.

पुढच्या रविवारी जायचं ठरलं. शुक्रवारी आईचा फोन आला. थंडी फार आहे, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात शेजारच्या घरी पाहुणे येणार होते. आमच्या नव्हे, शेजारच्या! त्याच्या पुढच्या आठवड्यात नेसायला धड लुगडं नव्हतं. मी भंडाऱ्याहून नवं घेऊन गेले, तर तिने ते घडी न मोडता कपाटात ठेवलं.

"ते पान्याले भेऊन राहिली," बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले. त्यांनी वर्षानुवर्षे प्रवाशांना गाडीत बसवलं होतं, तेव्हा भित्र्या प्रवाशाचं काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. ते साकोलीला गेले आणि ओळखीच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या चार जुन्या ट्यूब घेऊन आले. त्या हवा भरून अंगणात ठेवल्या. येणारा-जाणारा विचारू लागला, टायरचं दुकान टाकलं का म्हणून. आईने एका ट्यूबवर पापड वाळत घातले.

मला मात्र राग येऊ लागला होता. दर शनिवारी पंचवीस किलोमीटर स्कूटी हाणत यायचं आणि दर वेळी नवं कारण ऐकायचं. शेवटी मी म्हटलं, तुला काही करायचं नाही, सगळा डबा मी करते. वडे करते, मसालेभात करते, तू फक्त बस.

आई एकदम चिडली. "डबा? माहेरी जाताना कोनी सोताचा सैपाक घेऊन जाते का?"

"अगं, तिथे कोणी राहतं का आता? जेवायला कोण देणार?"

"तेच तं," आई म्हणाली, आणि आत निघून गेली.

मी अंगणात ट्यूबवर बसून राहिले. शाळेत मुलांना धड्यावर प्रश्न विचारते मी, आणि माझ्याच घरातला एवढा सोपा धडा मला महिनाभर कळला नव्हता. आम्ही दोघं सहल आखत होतो. आई माहेरी निघाली होती. आणि माहेरी असं उठून कोणी जात नाही. कोणीतरी न्यायला यावं लागतं.

दर वर्षी धान घरात आलं की मामा यायचा. त्या पहिल्या वर्षीच्या एसटीनंतर आधी खासरातून, म्हणजे बैलगाडीतून, मग सायकलने. अंगणात उभा राहून म्हणायचा, "चाल बाई, न्यायले आलो." गाव उठलं त्या वर्षापासून तो यायचा थांबला. भांडण नाही, काही नाही. नव्या गावठाणात त्याचं घर होतं, आईही लग्नाकार्याला तिथे जाऊन यायची, पण न्यायला म्हणून तो पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाकडे गेले. त्याला चांगलं झापायचं ठरवून गेले होते, पण आमच्याकडे मामाच भाचीच्या पाया पडतो. वाकून उभ्या राहिलेल्या माणसाला कसं झापणार? मामीने चहा दिला. मी सरळ विषय काढला.

"मामा, आईले बेटावर न्यायचं आहे."

"कोनतं बेट वो?"

"तुमची टेकडी."

मामाने कप खाली ठेवला. "आता बेट म्हनतेत का तिले?"

"तुम्ही आईले न्यायले या."

"कुठं नेऊ माय? गावच नाई तं माहेर कोनतं?" मग तो हळू आवाजात म्हणाला, "मी अजून एकदाबी काठावर गेलो नाई. पानी दिसलं का मले खालचं घर दिसते. मले नोको सांगू."

त्याचे डोळे भरले होते. मी आलेच कशाला असं मला झालं. तरी निघताना स्कूटीला किल्ली लावून मी म्हटलं, "आई वाट पाहून राहिली, एवढंच सांगते. पुढच्या रविवारी, सात चाळीसले." मामा शेळीला चारा टाकायला निघून गेला.

मी घरी कोणाला काही सांगितलं नाही. बाबांनी नवं पान आखलं, चौथं. शनिवारी संध्याकाळी आई म्हणाली, "गुडघा दुखते. तुमीच दोघं या जाऊन." बाबांनी पानाची घडी घातली आणि खिशात ठेवली. रद्द झालेल्या पानावर त्यांनी पहिल्यांदाच शेरा लिहिला नाही. मलाही आता पुरे असं वाटलं.

रविवारी सव्वासातला फाटक वाजलं. मामा होता. धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला तेल, सायकलच्या हँडलला दोन पिशव्या आणि मागे कॅरिअरला बांधलेला गंज, भात शिजवायचं मोठं पातेलं. बाबांना "जयभीम भाऊजी" करून तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि आत बघून, गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणाला, "चाल बाई, न्यायले आलो!"

आई दारात आली. आत गेली आणि पाच मिनिटांत नवं लुगडं नेसून बाहेर आली. गुडघ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. आम्ही सात छत्तीसला निघालो, चार मिनिटं आधी, आणि बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही मी पाहिलं नव्हतं.

डोंगेवाल्याने चारही ट्यूब बघितल्या आणि म्हणाला, "माणसं बसवू का ट्यूबा?" शेवटी दोनच घेतल्या आणि त्या दोन्ही बाबांनीच धरल्या. पाण्याला भिणारे बाबाच निघाले. मामा डोंग्याच्या तळाकडे बघत बसला होता. मधोमध आल्यावर आईने त्याचा हात धरला आणि बोट दाखवलं. "इथं असन का रे आपलं आंगन?" मामाने मान वर केली. बराच वेळ त्याने टेकडीवरून अंदाज घेतला आणि म्हणाला, "जराशी तिकडं. चिंचेच्या अलीकडं." मग ते दोघं कोणाचं घर कुठे यावर भांडू लागले आणि डोंगा काठाला लागेपर्यंत भांडत राहिले.

टेकडीवर मामाने आम्हाला कशाला हात लावू दिला नाही. तीन दगडांची चूल मांडली, गंजात भात शिजवला, डोंगेवाल्याकडून घेतलेल्या ताज्या मासोळ्यांचा झणझणीत रस्सा केला. आईला काम नव्हतं. ती बोरीखाली बोरं वेचत फिरली आणि "मीठ घातलं का?" असं बसल्या जागेवरून विचारत राहिली, लेकी माहेरी विचारतात तसं. बाबांचा अल्पोपाहार रद्द झाला.

चार वाजायला आले. बाबा उठले, कागद काढला. आईनेही चपला घातल्या, तिला तो माणूस माहीत होता. भांडी पिशवीत भरता भरता मामा सवयीने, मान वर न करता म्हणाला, "आजचा दिवस राय ना वो बाई."

दर वर्षी निघताना तो हेच म्हणायचा. आईही सवयीने म्हणाली, "नाई रे बाबू, घरी कामं पडले." आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की राहायला इथे भिंत नाही, छप्पर नाही. मामाच्या हातातला गंज तसाच राहिला. आईने पदर तोंडाशी नेला. मी पाण्याकडे बघू लागले.

बाबांनी घड्याळ पाहिलं. कागद पाहिला. त्या लाल दुहेरी रेघेकडे ते जरा जास्तच वेळ बघत होते. मग कागदाची घडी करून त्यांनी खिशात टाकली आणि खाली काठावर बसलेल्या डोंगेवाल्याला हाक मारली.

"दिवस बुडेपर्यंत थांब रे बाबा. एक प्रवासी बाकी आहे."

आईने वळून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत बाबांवर इतकी माया मला कधी वाटली नव्हती. आईने घातलेल्या चपला पुन्हा काढल्या, चुलीजवळ जाऊन बसली आणि मामाला म्हणाली, "मांड मंग चहा."