सुधाकरची थांबणारी मोटर

सुधाकर गेल्याचा मंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी राहात्याच्या बाजारात वांगी निवडत होतो. माझा मावसभाऊ, माझ्याहून थोडाच मोठा. झोपेतच गेला म्हणे. मी तडक राहुरीची एसटी धरली आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की एक वांगं अजून हातातच आहे...

राहुरीजवळ या नवरा-बायकोची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी. बी पेरायचं मशीन त्याने स्वतः बनवलेलं. ट्रे एक ओळ पुढे सरकायचा, थांबायचा, वरून प्रत्येक कप्प्यात बी पडायचं, मग पुढची ओळ. दिवसभर हेच, आणि हे सगळं ओढणारी मोटर जेमतेम तांब्याएवढी. पहिली जळाली तेव्हा मी म्हणालो, "मोठी बसव की." त्याने मला समोर बसवून शिकवणीच घेतली. सारखी उठबस करणारी मोटर जास्त तापते, दर वेळी उठताना जादा करंट ओढते, गार व्हायला तिला उसंत मिळत नाही. मी मराठीचा मास्तर, मला एवढंच कळलं की बिचारीची दमछाक होते. मग ती हळूहळू वेग घेईल, मध्ये जरा विसावेल, अशी सोय त्याने केली. शिवाय ट्रे अडकून मोटरीवर जोर आला, की ती आपोआप बंद पडायची.

हे बंद पडणंच घरात भांडणाचं मूळ झालं. ट्रेखालच्या रुळावर ओला भुसा साचला तरी मोटर थांबायची. ऐन कोबीच्या हंगामात वहिनी वैतागल्या. आमच्याकडे विहिरीवरचा स्टार्टर सारखा बंद पडू लागला की बटणात काडी खोचून मोटर डायरेक्ट चालवतात, आणि मग जळाली म्हणून नवी तार भरायला नेतात. वहिनींनी तेच केलं. मोटर आपोआप थांबूच नये म्हणून गावातल्या वायरमनकडून वायरचा तुकडा टाकून घेतला. मशीन दिवसभर बिनबोभाट चाललं.

संध्याकाळी सुधाकरला तो तुकडा दिसला. मी शेडमध्येच होतो. कधी आवाज न चढवणारा माणूस, त्याने तो उपटून वहिनींपुढे धरला.

"मंदा, मोटर जळाली तर दुसरी आणू. बोट गेलं तर?"

"तिथं कोण बोट घालतंय? ट्रे भरले न्हाईत तर लोकांची लावण चुकंल, तवा काय सांगायचं?"

"बी वाकडं पडलं की तूच बोटानं सारतीस. मी बघितलंय."

दुसऱ्या दिवशी मशीन बंद ठेवून त्याने रूळ धुतले आणि आम्ही सगळ्यांनी हाताने बी टाकलं. एक जुनं गिऱ्हाईक तेवढ्यात दुसऱ्या नर्सरीत गेलं. त्याची हळहळ सुधाकरला वाटली, पण तो वायरचा तुकडा काही परत लागला नाही.

परवा गेलो तर हंगाम पुन्हा दारात उभा, आणि वहिनी एकट्या. शेड त्याच्याशिवाय बघवेना. तोच वायरमन आला होता. म्हणाला, "वयनी, डायरेक्ट करून देऊ का? आता दादा न्हाईत अडवायला."

"नगं. ती थांबती तेच बरं हाय."

कामाच्या बायांना त्यांनी लांब उभं केलं, मशीन चालू केलं आणि सरकत्या ट्रेपुढे आपला उजवा हात आडवा धरला. ट्रे तळहाताला टेकला आणि मोटर जागीच थांबली.

"वहिनी, हे काय?"

"आमचे हे रोज सकाळी असंच करायचे," त्या म्हणाल्या. "आमी यायच्या आदी. मलाबी ठावं नव्हतं... मी एकदा लवकर आले तवा दिसलं."

मग हात पदराला पुसून त्यांनी बायांना हाक मारली, "या आता."