दारफाळणीच्या आदल्या दिवशी

निजामाच्या साऱ्या मुलखात आमच्या कंपौंडरसाहेबांइतक्या माफ्या मागितलेला माणूस दुसरा नसेल. तेलगावाजवळच्या आमच्या गावात सरकारी दवाखाना होता, तिथे ते कोकणातून आले. बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. पंचक्रोशीत त्यांच्या धर्माचं त्यांच्या बायकोखेरीज कोणी नव्हतं. मी मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मराठीचा मास्तर, त्यांच्या शेजारीच राहायचो. त्यांना तारीख विचारायची सोय नव्हती. ते आधी सरकारी फसली तारीख सांगत, मग मराठी तिथी, मग मुसलमानी चांद, आणि शेवटी डोळे मिटून स्वतःची, हिब्रू. तोवर विचारणारा निम्म्या वाटेवर पोचलेला असे. आपले महिने ते नात्यातल्या माणसांसारखे ओळखत. एलूल हा मन झाडून काढायचा महिना, त्यानंतरचा तिश्री सणांनी गजबजलेला, आणि पुढच्या हेशवानात एकही सण नाही, म्हणून त्याच्यावर त्यांची जास्त माया. "सणाला देव कुणालाही आठवतो, गुरुजी," ते म्हणत, "बिनसणाचा आठवला तर खरा."

तिश्रीत ते अंगणात शिंदीच्या फांद्यांचा मांडव घालून सात दिवस त्यात जेवत. छपरातून आभाळ दिसलं पाहिजे, म्हणजे डोक्यावर खरं छप्पर कुणाचं ते माणूस विसरत नाही, असं त्यांचं सांगणं. पहिल्याच वर्षी परतीचा पाऊस आला. साहेब दवाखान्यात गेलेले बघून शेजाऱ्यांनी दया येऊन तो मांडव उसाच्या पाचटाने असा शाकारला की थेंब आत येईना. साहेबांनी येऊन वर पाहिलं, सगळ्यांना गूळपाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या दारी जाऊन माफी मागून मगच पाचट उपसलं. लई भला माणूस, पण भिजायची हौस हाय, असं गावाने ठरवलं.

मांडवाच्या आधी चार-पाच दिवस दारफाळणी येई. तो त्यांचा कडक उपासाचा सण, दार लावून दिवसभर प्रार्थना. आदल्या दिवशी ते गावभर माफी मागत हिंडत. एकाला औषध फार कडू दिलं म्हणून, दुसऱ्याच्या बैलाला रागाने हाकललं म्हणून. लोक हसत आणि माफ करत.

त्यांच्या तिसऱ्या वर्षी मी चावडीवर त्यांची नक्कल केली. डोळे मिटून चार तारखा सांगितल्या आणि एका शेळीपुढे हात जोडून माफी मागितली. लोक पोट धरून हसले, मग माझ्या पाठीमागे बघू लागले. साहेब मागे उभे होते. माझ्या बायकोला ताप होता, तिचं औषध द्यायला मला शोधत आले होते. बाटली ओट्यावर ठेवून ते निघून गेले.

दारफाळणीच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. म्हणाले, "त्या दिवशी न बोलता गेलो, माफ करा." मी म्हटलं, माफी कसली, बसा, चहा घ्या. ते बसले नाहीत. उंबऱ्याशी थांबून हळूच म्हणाले, "देवाचं बिघडवलेलं हा दिवस धुतो, गुरुजी. माणसाचं बिघडवलेलं माणसालाच जाऊन धुवावं लागतं." आणि उभेच राहिले. ते कशाची वाट बघत होते ते मला कळत होतं. मी पावसापाण्याचं बोललो.

हेशवानात त्यांची परळीला बदली झाली. जाऊ, भेटू, असं म्हणत मी दोन वर्षं काढली. गेलो तेव्हा त्यांना वारून महिना झाला होता. मी त्यांच्या पत्नीला सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी केव्हाच माफ केलं होतं. तुमच्या तोंडून निघालं नाही, याचं त्यांना तुमच्यासाठी वाईट वाटायचं." मग त्यांनी त्यांच्यातली रीत सांगितली: माणूस गेला असेल तर दहाजणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि मोठ्याने कबूल करायचं. "आमचे दहा इथं कुठले? तुम्हाला मिळतील ते न्या."

परळीच्या दवाखान्याच्या ओसरीवरून त्यांच्या हातचं औषध घेतलेले दहाजण उठून आले. गावाबाहेरच्या त्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी मी नक्कल, शेळी, बाटली, उंबरा, सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने फेटा सोडून तोंड पुसलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "झालं का, गुरुजी? आमाला माघारी जायाचं हाय."

झालं, म्हणालो. ते निघून गेले, आणि ऊन उतरेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.