मावशींचं लेथ

मावशींच्या केसांत कायम लाकडाचा भुसा असायचा. मंडळाच्या गणपतीत, पैठणी नेसल्या असल्या तरीसुद्धा. कोणी हळूच खुणावलं तर म्हणायच्या, "माहीत आहे मला," आणि आरतीचं तबक पुढे न्यायच्या.

अमेरिकेत, श्रूजबरीत, त्या आमच्या शेजारी राहायच्या. नोकरी सगळी हॉस्पिटलात, भूलतज्ज्ञ म्हणून. काका गेल्यावर सीनियर सेंटरमध्ये लाकूडकामाच्या वर्गाला जाऊ लागल्या, घरासाठी लाटणं करायला. तिथल्या म्हाताऱ्या शिक्षकाच्या टेबलावर त्यांना डक कॉल दिसला. बदकांना साद घालायची शिकाऱ्यांची लाकडी शिट्टी. लाटणं राहिलं बाजूला.

"तुम्ही शिकार करता?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग हा कशाला?"

"शिकवायचं नसेल तर तसं सांगा."

त्याने शिकवलं.

मग गराजमध्ये स्वतःचं लेथ आलं, लाकूड फिरवून कातायचं यंत्र. अक्रोडाच्या ठोकळ्याला आरपार भोक पाडून तो लेथवर चढवायचा, फिरत्या लाकडाला पटाशी टेकवायची, की सुरळ्या उडून खांद्यावर पडायच्या. आत पातळ पत्ती बसवून फुंकायचं, ऐकायचं, पत्ती जराशी घासून पुन्हा फुंकायचं. मनासारखा आवाज लागला की त्या तळ्यावर जायच्या, साद घालायच्या, आणि बदकं आली की नुसत्या बघत बसायच्या.

एका पॉटलकला, सगळे घरून पदार्थ आणतात त्या जेवणाला, मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "शाकाहारी बाई तुम्ही, आणि शिकाऱ्यांची हत्यारं बनवता?"

"शिकाऱ्याने कॉल मागितला तर त्यालाही देईन," मावशी म्हणाल्या. "तुमच्या नातवाच्या बर्थडेला चिकन विंग्ज होते. तेव्हा मी तुम्हाला काही विचारलं का?"

पुढे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. लांबच्या बॉथेलहून निखिल, त्यांचा मुलगा, आला. मी तेव्हा गराजमध्येच होते. "आई, धिस इज नॉट सेफ. लेथ विकून टाकू. तू माझ्याकडे चल."

मावशींनी हात पुढे धरला. तो थरथरत होता. मग पटाशी उचलली, लेथ सुरू केलं आणि कागदासारखी पातळ सुरळी काढून दाखवली. "रिकामा हात थरथरतो, कामातला नाही. कामात थरथरेल त्या दिवशी मी बंद करीन. तू नाही."

निखिल एकटाच परत गेला.

तो दिवस आला तेव्हा त्यांनी मला हाक मारली. चेरीच्या लाकडात पटाशी खोल घुसून तुकडा फुटला होता. लेथ त्यांनी आधीच बंद केलं होतं. मी म्हटलं, "मावशी, एखादा दिवस होतं असं."

"नाही. आज हात हलला," त्या म्हणाल्या. माझ्यासमोरच त्यांनी निखिलला फोन लावला. "लेथ बंद केलं. तू सांगितलंस म्हणून नाही. आणि मी बॉथेलला येत नाहीये." फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "उद्यापासून तू."

"मला नाही जमायचं."

"मी विचारलं का?"

त्या खुर्चीवर बसून शिकवायच्या, हात मांडीवर थरथरत असायचा. "घाबरून दाबू नकोस. लाकूड फिरतंय, तू स्थिर राहा." माझा पहिला कॉल सर्दी झालेल्या माणसासारखा वाजला. त्यांनी तो फुंकला, पुसला आणि परत माझ्या हातात दिला. "फेकायचा नाही. दुसरा कर."

गेल्या हिवाळ्याआधी मावशी गेल्या. घर रिकामं करायला आलेल्या निखिलने लेथ विकायची जाहिरात टाकली होती. मी जाऊन सांगितलं, ती काढून टाक, लेथ आमच्या गराजमध्ये येतंय.

रात्री नवऱ्याने विचारलं, "आणि आपली गाडी कुठे ठेवायची?"

"बाहेर."

यंदा बर्फ खूप पडला. गाडी बाहेरच आहे.